सेन्सरची रेघ

९ जानेवारी, गुरुवार

आज बोर्ड छापून आले. सहाच्या सहा. खोका मीच उघडला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हिरवेगार, कडा गुळगुळीत, आणि त्यावर माझ्या तांब्याच्या रेघा, एकीला एक समांतर, कोपऱ्यावर सगळ्या एकदम वळणाऱ्या. शाळेतल्या मुलांची रांग वळते तशा. साहेबांनी एक बोर्ड खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "पट्टीबाई, हा पेटीत बसवायचा की भिंतीवर लावायचा?"

मला सगळे पट्टी म्हणतात. खिशात कायम सहा इंची स्टीलची पट्टी असते म्हणून. कारखान्यात आम्ही सतरा जण. माझं काम मांडणीचं. सर्किट कागदावर आलं की ते आधी ब्रेडबोर्डवर बसवायचं, म्हणजे त्या पांढऱ्या, भोकाभोकांच्या पाटीवर तारा खोचून बघायचं. चाललं की मग संगणकावर रेघा आखून पक्का बोर्ड छापायला द्यायचा. हा बोर्ड उबपेटीचा आहे. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात ती पेटी. बाळाच्या अंगाला एक सेन्सर चिकटवलेला असतो, वर हीटर असतो, आणि मधे माझा बोर्ड. बाळ गार पडलं की हीटर चालू, ऊब झाली की बंद, आणि काही बिनसलं की भोंगा.

ही डायरी सुटे भाग पुरवणाऱ्याने दिलेली. दर वर्षी देतो. दर वर्षी मी ती आईला द्यायचे आणि आई त्यात फोन नंबर लिहायची, दिसावेत म्हणून एका पानावर एकच, वीतभर आकड्यांत. या वर्षी द्यायला कुणी नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर "आज काय जोडलंस?" असं विचारायलाही कुणी नाही. म्हणून इथे लिहितेय, की आज बोर्ड आले आणि फार सुंदर आले.

या रेघा मी नोव्हेंबरात आखल्या. आईचे शेवटचे दिवस चालले होते. त्या दिवसांत एवढीच एक गोष्ट माझ्या हाताखाली सरळ राहत होती.

१३ जानेवारी

आमच्याकडे चाचणी करणारा एक गृहस्थ आहे, त्याला मीटर म्हणतात. गळ्यात कायम मल्टिमीटर अडकवलेला, डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तसा. पन्नाशीचा असेल. बोलायला पैसे पडतात की काय कोण जाणे. ऑक्टोबरात मी ब्रेडबोर्ड पूर्ण केला तेव्हा सगळे वाहवा करत होते आणि हा दहा मिनिटं नुसता बघत उभा. शेवटी म्हणाला, "सेन्सरची तार एवढा वळसा घालून का नेलीत?"

मी म्हटलं, "कारण हीटरची तार तिथून जाते. दोघी एका ओळीत बसतात. दिसायला बरं दिसतं."

तर म्हणे, "विजेला डोळे नसतात."

आज नवा बोर्ड हातात घेऊनही त्याचं तेच. उलटसुलट केला, खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार असं वाटलं, आणि निघून गेला. काही माणसांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही.

माझ्या टेबलावरचा दिवा आठवडाभर लुकलुकत होता, तो आज नीट झालाय. चहावाल्याने केला असणार. त्याचे आभार मानले तर तो नुसता बघतच राहिला.

१६ जानेवारी

औषधाच्या दुकानावरून येत होते. दुकानदाराने हाक मारली. "आजींच्या गोळ्या काढून ठेवल्यात. दोन महिने आला नाहीत."

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी गोळ्या घेतल्या आणि घरी आले. आता कपाटात आहेत.

२१ जानेवारी, मंगळवार

इस्पितळात सहाही पेट्या बसवल्या. बरोबर मीटर होता. तो मापं घेत होता, मी स्क्रू पिळत होते. बाळं बघायची नाहीत असं ठरवलं होतं, पण तिथे दुसरं काही बघण्यासारखं नसतंच. एक तर एवढीशी की सिस्टर तिला चिमूट म्हणतात. पापण्यासुद्धा धड आलेल्या नाहीत. सेन्सर तिच्या पोटावर लावला तर निम्मं पोट झाकलं.

तिथली एक सिस्टर अखंड बोलते. बाळांशी, नळाशी, आमच्याशी. "बोर्डवाल्या ताई, तुम्ही आत एवढं सुंदर करता आणि वरून झाकण लावून टाकता? आम्हाला दाखवायचं तरी!" मी तिला झाकण काढून दाखवलं. ती म्हणाली, "बाई गं, माझी वेणी कधी एवढी सरळ आली नाही."

परतताना मीटर बसस्टॉपवर माझ्या शेजारी उभा राहिला. माझी बस आली तेव्हा चढला नाही. त्याची बस वेगळी असावी.

३० जानेवारी

इस्पितळातून फोन. भोंगा उगाचच वाजतो म्हणे. बाळ ठीक, ऊब ठीक, आणि भोंगा सुरू. साहेब म्हणाले, सेन्सर सैल लावत असतील, नीट दाबून लावा म्हणावं. तेच असणार.

मीटर म्हणाला, "मी एकदा जाऊन बघून येतो."

साहेब म्हणाले, "दुसऱ्या ऑर्डरची चाचणी कोण करणार?" विषय संपला.

२ फेब्रुवारी, रविवार

रविवार फार लांब असतो. अकरापर्यंत घर आवरून झालं. तारांचे तुकडे लांबीप्रमाणे डब्यांत लावले, ते आधीही लावलेलेच होते. मग वाटलं, इस्पितळात जाऊन आपणच भोंगा बघावा. माझा बोर्ड आहे, मी गेले तर कोण काय म्हणणार?

बोलकी सिस्टर कामावर होती. तिने स्टूल दिलं, कपातला निम्मा चहा दिला. दोन तास बसले. भोंगा पाच वेळा वाजला. प्रत्येक वेळी ती हातातलं टाकून धावली, बाळाच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली, आणि भोंगा बंद करून परत आली. "सहा पेट्या आणि आम्ही दोघी. दिवसभर हेच. डोकं उठतं हो."

मी सेन्सर तपासले. सगळे घट्ट.

तिने विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या?"

"आई," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"मग जा आता. वाट बघत असेल."

आणि मी खरंच उठले, घाईघाईने, कुणीतरी वाट बघत असल्यासारखी.

९ फेब्रुवारी, रविवार

परत गेले. आता त्यांची सवय झालीय माझी. चिमूट थोडी वाढली, नखभर.

आज भोंगा एकदाही ऐकू आला नाही. आधी बरं वाटलं. मग बघते तर सिस्टरबाईंनी सहाही भोंग्यांच्या तोंडावर कापसाचा बोळा ठेवून वर चिकटपट्टी लावलेली. म्हणाली, "काय करू? बाळं दचकतात. आणि आवाज अगदीच जात नाही, जवळ गेलं की येतो." चिकटपट्टीही कशी, तर वाकडीतिकडी, टोकं सुटलेली, एका पेटीवर तर तिरपीच. नव्याकोऱ्या पेटीवर ते बघवेना. मी सगळ्या काढल्या, पट्टीने मापून सारख्या लांबीचे सहा तुकडे कापले आणि काटकोनात लावून दिले. कडा नीट दाबून.

"हे बघा," ती हसली, "आता कसं कंपनीतून आल्यासारखं दिसतंय."

तिने तिच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. कितीतरी दिवसांनी कुणाबरोबर जेवले.

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले. काही विशेष नाही. सिस्टरच्या मुलीच्या शाळेतल्या गमती ऐकल्या. छान गेला दिवस.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी दोन वाजता फोन आला. चिमूटचा सेन्सर पोटावरून सुटला होता. सुटलेल्या सेन्सरला गार हवा लागली, बोर्डाला वाटलं बाळ गारठलंय, आणि हीटर चालूच राहिला. भोंगा वाजत होता. बोळ्याखाली वाजत होता. बोलकी सिस्टर पलीकडच्या खोलीत नव्या बाळंतिणीपाशी होती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, नक्की कुणालाच माहीत नाही. ती परत आली, हाताची मागची बाजू लावली आणि ओरडली.

चिमूट जिवंत आहे. झटके आले होते. आता थांबलेत.

जेवले नाही.

२० फेब्रुवारी

साहेब इस्पितळात जाऊन आले. मोठा सुटकेचा श्वास टाकून खुर्चीत बसले. "आपला काही संबंध नाही. भोंगा वाजत होता, हे तेच कबूल करतात. नर्सने तो झाकला होता. तिला घरी बसवलंय, चौकशी लागलीय."

सगळे "बरं झालं" म्हणाले. मीही म्हणाले. घरी पायऱ्या चढताना लक्षात आलं, की चिकटपट्टी मी लावली होती.

पण बोळा तिने आधीच ठेवला होता. मी फक्त नीट केलं. नीट करणं म्हणजे काही लावणं नव्हे.

२१ फेब्रुवारी

नीट करणं म्हणजे लावणंच. कडा दाबताना आवाज आणखी कमी झाला होता, मला आठवतंय. मी समाधानाने ऐकलं होतं ते.

२३ फेब्रुवारी, रविवार

इस्पितळात कोणत्या तोंडाने जाणार? कारखान्याची किल्ली माझ्याकडे असते, तिकडे गेले. एकच गोष्ट बघायची होती: भोंगा मुळात उगाच का वाजत होता. तो उगाच वाजला नसता तर तिने बोळा कशाला ठेवला असता?

नवलाची गोष्ट म्हणजे स्कोप माझ्याच टेबलावर होता, तारा लावून तयार. विजेचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणारं ते यंत्र एरवी चाचणीच्या खोलीत कुलपात असतं. शनिवारी कोण तिथे विसरून गेलं कुणास ठाऊक.

सर्किट ब्रेडबोर्डवर पुन्हा बसवलं, ऑक्टोबरात बसवलं होतं तसंच्या तसं. लाल तारा वरच्या पट्टीत, काळ्या खालच्या. प्रत्येक तार मापून कापलेली, दोन्ही टोकं सारखी सोललेली, चिमट्याने काटकोनात वाकवलेली, पाटीला सपाट टेकलेली. आयसीच्या, म्हणजे मधल्या काळ्या चिपच्या, डोक्यावरून एकही तार जात नाही. कपॅसिटर एका उंचीचे. अडीच तास लागले. हात आपोआप चालत होते आणि सांगायला लाज वाटते, पण मला छान वाटत होतं.

मग सेन्सरच्या तारेवर स्कोप लावला आणि हीटर चालू केला. पडद्यावर सपाट रेषा होती. हीटर लागला आणि तिच्यात खिळा उभा राहिला. बंद केला, दुसरा खिळा. प्रत्येक वेळी. सेन्सरची तार हीटरच्या तारेला खेटून वीतभर चालते, आणि हीटरच्या प्रत्येक झटक्याने हिच्यात धक्का बसतो. तेवढ्याने बोर्डाला वाटतं बाळाला काहीतरी झालं.

सेन्सरची तार उपटली. नवी, आखूड तार घेतली. ती सरळ ओळीतून जाईना, म्हणून तिरपी टाकली, आयसीच्या वरून, ग्राउंडच्या काळ्या तारेशी पिळून. बोर्डावर एकच तार अशी, चेहऱ्यावर ओरखडा उठावा तशी. हीटर चालू केला.

सपाट. चाळीस वेळा चालू-बंद केला. सपाट.

दोन्ही तारा एका ओळीत चांगल्या दिसतात, म्हणून मी त्या तशा नेल्या होत्या. दुसरं काहीही कारण नव्हतं.

२४ फेब्रुवारी

सकाळी पहिल्यांदा चाचणीची फाईल काढली. मीटरने हे पकडलं कसं नाही, हे बघायचं होतं. मनात थोडी आशा होती, की चूक त्याचीही निघेल.

तारीख चौदा नोव्हेंबर. त्याच्या त्या बारीक अक्षरात: "सेन्सरची रेघ हीटरच्या रेघेला लागून आहे. भोंगा खोटा वाजू शकतो. छापण्याआधी मांडणी बदलावी. प्रत्यक्ष बोलू." खाली "वाचले" असं लिहून सही. माझी. रेघेवर बरोबर टेकलेली.

आई अकराला गेली. चौदाला मी कामावर परत आले. त्या दिवशी माझ्यासमोर जे काही आलं त्यावर सही केली असणार.

फाईल घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. "प्रत्यक्ष बोलू असं लिहिलंय. बोललात का नाही?"

त्याने मीटर गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. "आलो होतो. तुम्ही पडद्याकडे बघत बसला होता. त्या रेघा एकेक करून सरळ करत होता, सरळ असलेल्यासुद्धा. म्हटलं, आज नको. चार दिवस जाऊ देत."

"आणि मग?"

"मग साहेबांनी छापायला पाठवून दिले. छापून आले त्या दिवशी तुम्ही एवढ्या..." आणि थांबला. "बोलायला हवं होतं. बाळाचं ऐकल्यापासून झोप नाही मला."

चिडायचं ठरवून गेले होते. ते जमलं नाही.

२५ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. स्कोपवर दाखवलंही. त्यांनी स्वतः हीटर दोनदा चालू-बंद करून पाहिला.

"पट्टीबाई, पुढचे बोर्ड बदलून टाकू. गुपचूप. पण इस्पितळाला लिहून द्यायचं नाही. लिहून दिलं की उद्या कारखान्याला कुलूप. सतरा घरं आहेत."

"आणि ती सिस्टर?"

"तिला कुणी सांगितलं होतं बोळा लावायला?"

मला कुणी सांगितलं होतं चिकटपट्टी लावायला, हे मी बोलले नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. आई गेली तेव्हा सगळ्यांत आधी तेच आले होते.

२ मार्च, रविवार

मोठ्या सिस्टरांकडून पत्ता घेतला आणि तिच्या घरी गेले. दोन खोल्या. ती पांढरा गणवेश इस्त्री करत होती. कामावर जायचं नाही, तरी इस्त्री करत होती. मुलगी दारातच बसून चित्र रंगवत होती.

मला बघून ती म्हणाली, "बसा. चिमूटची बातमी आणलीत?"

नव्हती आणली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: रेघ, खिळा, फाईलवरची सही. तिला खिळ्याचं कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"म्हणजे तो खरंच उगाच वाजत होता," ती म्हणाली. "ते मला म्हणतात, तू कामचुकार म्हणून तुला आवाज नकोसा झाला. आणि मलाही तसंच वाटायला लागलं होतं." मग इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्हाला माहितेय, चौकशीत त्यांनी विचारलं. चिकटपट्टी एवढी सरळ कुणी कापली, म्हणे. एवढी सरळ तू कापत नाहीस. मी म्हटलं मीच. तुमचं नाव घेतलं नाही. म्हटलं, घरात म्हातारी आई आहे बिचारीच्या, हिच्या नोकरीवर कशाला गदा आणायची."

मी खाली बसले. तिने दिलेल्या खुर्चीवर नाही, जमिनीवरच.

"आई नाही," मी म्हटलं. "नोव्हेंबरातच गेली."

इस्त्रीच्या वाफेचा आवाज येत होता. मुलगी चित्र थांबवून आमच्याकडे बघायला लागली.

"मग मी कुणासाठी गप्प बसले?" ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत असल्यासारखं. नंतर राग आला. "जा तुम्ही. आता जा."

जिना उतरताना मुलगी वरून विचारत होती, "आई, ती मावशी का रडली?" मला ठाऊकच नव्हतं मी रडतेय म्हणून.

३ मार्च

पत्र लिहिलं. एका पानात बसलं. बोर्डाच्या मांडणीत चूक आहे आणि ती माझी आहे. चूक चौदा नोव्हेंबरला लेखी दाखवून दिली होती, मी न वाचता सही केली. भोंग्यावरच्या चिकटपट्ट्या नऊ फेब्रुवारीला मी स्वतः लावल्या. मागे ब्रेडबोर्डचं चित्र काढून कोणती रेघ कुठे जाते ते दाखवलं. ते चित्र पट्टी न लावता काढलं. पट्टी धरली असती तर ते दुसऱ्या कुणाचं वाटलं असतं.

इस्पितळाच्या कचेरीत नेऊन दिलं, पोच घेतली. मग कारखान्यात जाऊन साहेबांच्या टेबलावर नक्कल ठेवली. त्यांनी वाचली. "बरं," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

औषधाच्या दुकानातही गेले. गोळ्या परत दिल्या. सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अरेरे." मग म्हणाला, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

१४ मार्च

साहेब माझ्याशी बोलत नाहीत. निरोप चहावाल्यामार्फत येतो. "साहेब विचारतायत, पॉवरचा बोर्ड कधी होईल?" मी चहावाल्याला सांगते, तो सहा पावलं चालून साहेबांना सांगतो. एरवी हसले असते.

इतरही लांब राहतात. जेवणाच्या सुट्टीत मी एकटी. त्यांचं चुकत नाही. सतरा घरांपैकी सोळा त्यांची आहेत.

माझ्या कपावर मात्र रोज बशी झाकलेली असते, चहा गार होऊ नये म्हणून. चहावाला मनाचा चांगला आहे.

२० मार्च

इस्पितळाचं उत्तर आलं. पेट्या परत पाठवत नाहीत, पण सहाही बोर्ड बदलून द्यायचे, त्यांच्या इंजिनिअरसमोर तपासून. तोवर आमच्या आधीच्या जुन्या पेट्या वापरतील. सिस्टरला कामावर घेतलं, मात्र ताकीद देऊन. बोळ्याबद्दल. ते योग्यच आहे आणि तरी मला लागलं.

साहेब आज स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "कारखाना राहिला," म्हणाले. "तुमच्या पत्रामुळे नाही. पत्र असूनही." जाता जाता वळले. "नवी मांडणी तुम्हीच करा. पण मीटरच्या शेजारी बसून."

३ एप्रिल

नवी मांडणी झाली. आठ दिवस मीटरच्या शेजारी बसून. सेन्सर एका कोपऱ्यात, हीटर दुसऱ्या, मधे ग्राउंडचं रुंद तांबं पसरलेलं. सेन्सरची रेघ आखूड आणि तिरपी. रेघांची रांग मोडलीय. एक बाजू गच्च, एक बाजू रिकामी. दिसायला अगदी साधा बोर्ड. कुणी उजेडात धरणार नाही.

घरी रिकामा नमुना घेऊन आले. टेबलावर ठेवून बघत बसले. आवडायला लागेल हळूहळू, असं वाटतंय.

१५ एप्रिल, मंगळवार

बोर्ड बसवले. इंजिनिअरने स्कोप लावला, हीटर पन्नास वेळा चालू-बंद केला. मग सेन्सर मुद्दाम सोडवला. भोंगा असा वाजला की पलीकडची बाळं रडायला लागली. तेवढाच एकदा वाजला, जेव्हा वाजायला हवा होता तेव्हा.

बोलकी सिस्टर स्क्रूंची वाटी धरून उभी होती. एक शब्द बोलली नाही. बाळांशीही नाही. मी शेवटचं झाकण लावायला घेतलं तेव्हा म्हणाली, "थांबा." आत वाकून बघितलं. "ती तिरपी, तीच का?"

"हो."

"हं," म्हणाली आणि शेवटचा स्क्रू माझ्या हातात दिला.

चिमूट गेल्या आठवड्यात घरी गेली. डॉक्टर म्हणतात, झटक्यांनी काही झालंय का ते बसायला, चालायला, बोलायला लागेल तेव्हाच कळेल. दोन वर्षं, कदाचित तीन. तिच्या आईबापांना सगळं सांगितलंय का, असं मी विचारलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, सांगितलंय. मग म्हणाल्या, भेटायला जाऊ नका, त्यांनी नको म्हटलंय.

रविवारी तिकडे जायचं मी बंद केलंय. कुणी या म्हटलेलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

रविवार अजूनही लांबच आहे. आईचं कपाट आवरायला घेतलं. एक कप्पा झाला. तिच्या डायऱ्या निघाल्या, सगळ्या वर्षांच्या. जवळजवळ प्रत्येक डायरीत पहिल्या पानावर माझ्या कारखान्याचा नंबर. वीतभर आकड्यांत. बाकीचा दिवस काही केलं नाही.

६ मे, मंगळवार

दुसऱ्या एका यंत्राचा बोर्ड आहे, पाण्याच्या पंपाचा. ब्रेडबोर्डवर बसवून मीटरला तपासायला दिला. दुपारी त्याचा कागद आला. बारीक अक्षरात अकरा मुद्दे. अकरा! सही करायला खाली जागा सोडलेली.

मी कागद घेऊन चाचणीच्या खोलीत गेले. "वाचून सही करणार नाही," म्हटलं. "बोला. एकेक. तोंडाने."

तो कानापर्यंत लाल झाला. एवढ्या मोठ्या माणसाला लाल होताना मी पहिल्यांदा बघितलं. मग घसा साफ केला आणि बोलायला लागला. पहिल्या मुद्द्यावरच आमचं जुंपलं. मी म्हटलं, कपॅसिटर तिथेच बसेल. तो म्हणाला, बसेल, पण कामाच्या वेळी झोपेल. दुसरा मी लगेच मान्य केला. तिसऱ्याला पाऊण तास लागला, कारण तो चुकत होता आणि मी ते स्कोपवर दाखवून दिलं. तर माणूस चक्क हसला. "हे बरं केलंत," म्हणाला, जणू त्याला हरायचंच होतं. चहावाला दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मीटरने उठून दोन्ही कपांवर बश्या ठेवल्या आणि पुन्हा चौथ्या मुद्द्यावर आला.

बाकीचे कधी घरी गेले कळलंच नाही. आवाज बसला माझा. किती महिन्यांत एवढी बोलले नव्हते.

अकरापैकी सात झाले. उरलेले चार अगदी किरकोळ, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, आत्ताच उरकून टाकू. तर गळ्यातला मीटर काढून ठेवत तो म्हणाला, "नको. उद्या दोन, परवा दोन."

वेळ होता, दोघांनाही घाई नव्हती. एवढ्याशा कामाला दोन दिवस कशाला हवेत, काही कळत नाही या माणसाचं.